अमेरिकन कॉमिकचा जुना अंक अभ्यासाला घेताना: ओळख, तारीख, श्रेय आणि नोंद

अमेरिकन कॉमिक्सवर मराठीत लिहिणाऱ्यांचे लेख, प्रबंधांचे कच्चे खर्डे आणि व्हिडिओंच्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत त्याच त्या चुका सापडतात. अंकावर छापलेला महिना म्हणजेच अंक बाजारात आला तो महिना, असं धरलेलं असतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत निघालेल्या चकचकीत संग्रहातलं पान दाखवून १९४० सालच्या रंगांबद्दल निष्कर्ष काढलेला असतो. कधी निघालाच नाही अशा ‘अंक १’च्या शोधात महिने गेलेले असतात. आणि पानावर ज्याची सही, त्यानंच सगळं केलं असं गृहीत धरलेलं असतं.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. आपण गोष्ट वाचायला लागतो आणि वस्तू तपासायची राहून जाते. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं करा. अर्थ लावणं, समीक्षा, तुलना हे सगळं यानंतर.

## तयारी

अंक उघडायच्या आधी एवढं जवळ असू द्या: साधी फूटपट्टी, भिंग (शिंप्याकडे किंवा घड्याळवाल्याकडे असतं तसलं छोटं चालेल), पेन्सिल आणि नोंदीसाठी कोरी कार्डं. प्रत जुनी असेल तर जवळ पेन ठेवू नका. जुना न्यूजप्रिंट कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो. पान उलटताना कोपऱ्याला न धरता मध्यावर खालून हात देऊन उलटा.

संगणकावर दोन ठिकाणं उघडी ठेवा. एक, ग्रँड कॉमिक्स डेटाबेस. १९९४पासून स्वयंसेवकांनी उभी केलेली ही अंकवार सूची आहे. दुसरं, माइक्स अमेझिंग वर्ल्ड ऑफ कॉमिक्स. कोणत्या महिन्यात स्टॉलवर कोणते अंक होते, हे तिथे शोधता येतं. मूळ अंक परवडण्याचा किंवा मिळण्याचा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना असतोच. त्यासाठी डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लस या दोन्ही ठिकाणी हक्क संपलेल्या जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं मोफत मिळतात. १९६४च्या आधी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा कॉपीराइट अठ्ठाविसाव्या वर्षी नव्यानं नोंदवावा लागे. ज्या प्रकाशकांनी तो नोंदवला नाही, त्यांचे अंक खुले झाले. सुपरमॅन, बॅटमॅनचे अंक यात मिळणार नाहीत, पण बंद पडलेल्या अनेक कंपन्यांचा मोठा साठा इथे आहे.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला असलेले नातेवाईक असतील तर त्यांना वेळीच सांगून ठेवा. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा कॉमिक्ससंग्रह, ओहायो स्टेट विद्यापीठाचं बिली आयर्लंड कार्टून ग्रंथालय आणि वॉशिंग्टनचं लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिन्ही ठिकाणी मूळ अंक पाहता येतात. मात्र आधी वेळ ठरवावी लागते आणि नेमका अंक सांगावा लागतो. तो नेमका सांगता यावा, यासाठीच पहिले चार टप्पे आहेत.

## टप्पा १: हातात नेमकं काय आहे?

शक्यता चार असतात: मूळ अंक, त्याच काळातलं किंवा नंतरचं पुनर्मुद्रण, पुस्तकरूपी संग्रह, नाहीतर स्कॅन. कार्डावर पहिली ओळ याचीच लिहा.

आधी मोजा. १९३८-४०च्या सुमाराचा अंक साधारण पावणेआठ इंच रुंद आणि सव्वादहा ते साडेदहा इंच उंच असतो, आणि आत चौसष्ट पानं असतात. पुढे पानं घटत गेली आणि अंक अरुंद होत गेले. पट्टी लावायचं कारण एका उदाहरणावरून कळेल. ‘ॲक्शन कॉमिक्स’ अंक १, म्हणजे सुपरमॅनचा पहिला अंक, १९७४ साली डी.सी.नं ‘फेमस फर्स्ट एडिशन’ या मालिकेत पुन्हा काढला. त्याला बाहेरून नवं जाड मुखपृष्ठ होतं. ते काढून टाकलं की आत १९३८चं मुखपृष्ठ, जाहिराती, छोटा मजकूर, सगळं जसंच्या तसं. फरक फक्त आकारात आहे: पुनर्मुद्रण सुमारे दहा बाय साडेतेरा इंचांचं आहे. फोटोत आकार कळत नाही. माझ्या परिचयातल्या एका मुलानं केवळ फोटोवर विसंबून अशी प्रत ‘मूळ’ म्हणून घेतली होती. पैसे तर गेलेच, पण त्या प्रतीवरून त्यानं कागद आणि छपाईबद्दल जी टिपणं काढली होती तीही सगळी बाद झाली.

मग भिंग लावा. जुन्या छपाईत त्वचेचा गुलाबी किंवा आकाशाचा फिकट निळा रंग सलग दिसत नाही, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. निळा, लाल, पिवळा या तीन शायांच्या ठरावीक फिक्या-गडद छटा एकमेकींवर छापून सगळे रंग काढायचे आणि रेषा काळ्या शाईत. रंग रेषेबाहेर किंचित सरकलेला दिसला तर तो कलावंताचा हेतू नसतो, छापखान्यात प्लेट हललेली असते. नव्या संग्रहात संगणकावर भरलेले सलग रंग, हळूहळू फिके होत जाणाऱ्या छटा आणि पांढराशुभ्र कागद दिसतो.

इशारा: संग्रहावरून रंगाबद्दल एक वाक्यसुद्धा लिहू नका. १९८८च्या ‘द किलिंग जोक’चे मूळ रंग जॉन हिगिन्स यांचे होते. २००८च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंड यांनी ते स्वतः बदलले. मूळचे भडक जांभळे, नारिंगी, हिरवे रंग जाऊन थंड, करडे रंग आले. कथा आणि रेषा त्याच, पण पानाचा परिणाम पार वेगळा. कोणत्या आवृत्तीतलं पान समोर आहे हे न सांगता ‘या प्रसंगात करडा रंग उदासी आणतो’ असं लिहिलं, तर ते १९८८च्या वाचकानं पाहिलेलंच नाही.

तपासणी: कथेची पानं मोजा आणि डेटाबेसमधल्या आकड्याशी ताडून पाहा. १९७०च्या दशकातल्या मार्व्हलच्या पुनर्मुद्रण मालिकांत जागा कमी पडे म्हणून मूळ कथेतली पानं गाळली जात. एखादी उडी ‘धाडसी कथनशैली’ वाटली, तर आधी पान गळलेलं नाही ना ते बघा.

## टप्पा २: इंडिशिया उतरवून घ्या

मराठी मासिकात ‘हे मासिक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून येथे प्रसिद्ध केले’ असा बारीक मजकूर असतो ना, तसाच अमेरिकन कॉमिकमध्येही असतो. बहुधा पहिल्या पानाच्या तळाला किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला. त्याला इंडिशिया म्हणतात. मालिकेचं अधिकृत नाव, अंकाचा क्रमांक, महिना, प्रकाशक कंपनीचं कायदेशीर नाव आणि पत्ता त्यात असतो. हा मजकूर शब्दशः उतरवून घ्या, स्वल्पविरामासह.

मुखपृष्ठावरचं नाव आणि इंडिशियातलं नाव यांत तफावत असेल तर इंडिशिया खरा माना. ‘अनकॅनी एक्स-मेन’ हे नाव मुखपृष्ठावर १९७८च्या अंक ११४पासून दिसतं, पण इंडिशियात ते फेब्रुवारी १९८१च्या अंक १४२मध्ये आलं. मधले अंक सूचीत ‘एक्स-मेन’ याच नावाखाली सापडतात. प्रकाशकाचंही तसंच. ‘फँटॅस्टिक फोर’ अंक १च्या इंडिशियात मार्व्हल नव्हे, कॅनॅम पब्लिशर्स सेल्स कॉर्पोरेशन असं नाव आहे. मालक मार्टिन गुडमन एकाच कचेरीतून अशा अनेक कंपन्या चालवत. जे छापलंय ते कार्डावर लिहा आणि ‘मार्व्हल’ हे कंसात आपल्या सोयीसाठी लिहा.

इशारा: टप्पा १ सोडून थेट इंडिशियाकडे येऊ नका. हुबेहूब पुनर्मुद्रणात जुना इंडिशियाही छापलेला असतो.

## टप्पा ३: क्रमांकाची वंशावळ लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जाऊ द्यावा.

अमेरिकेत नियतकालिक स्वस्त टपालदरानं पाठवायला मालिकेच्या नावानं परवाना घ्यावा लागे आणि त्याला पैसे पडत. नवी मालिका काढायची तर नवा परवाना. ते टाळायला प्रकाशक जुन्या मालिकेचं नुसतं नाव बदलत आणि क्रमांक पुढे चालू ठेवत. म्हणून ‘थॉर’ मालिका १९६६ साली अंक १२६पासून सुरू होते, कारण आधीचे अंक ‘जर्नी इंटू मिस्टरी’चे आहेत. १९६८ची ‘कॅप्टन अमेरिका’ मालिका अंक १००पासून सुरू होते, आधीचे ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’. ‘हल्क’चं तर आणखी गुंतागुंतीचं: १९६२-६३मध्ये सहा अंक निघून मालिका बंद पडली, आणि १९६८मध्ये ती थेट अंक १०२ म्हणून परत आली, कारण आता ती ‘टेल्स टु ॲस्टॉनिश’चे क्रमांक पुढे चालवत होती. अंक ७ ते १०१ शोधत बसू नका.

याच्या उलटही घडतं. ‘फ्लॅश कॉमिक्स’ १९४९ साली अंक १०४वर थांबलं. दहा वर्षांनी, १९५९मध्ये, ‘द फ्लॅश’ अंक १०५ निघाला. त्यातला नायक मात्र दुसराच होता. क्रमांक सलग आहे म्हणून गोष्ट सलग समजू नका.

डेल कंपनीची ‘फोर कलर’ मालिका हा वेगळाच प्रकार. एकाच क्रमांकमालेत दर अंकाला वेगळं पात्र. अंकल स्क्रूजचा अंक १ हवा असेल तर ‘फोर कलर’ ३८६ बघा. अंक २ म्हणजे ४५६, अंक ३ म्हणजे ४९५. स्वतःच्या नावावरचा क्रमांक ४पासून लागतो.

आता एक उदाहरण सावकाश पाहू. शेवटच्या टप्प्यात आपल्याला ते पुन्हा लागणार आहे. विल्यम गेन्स यांच्या ई.सी. कंपनीच्या ‘विअर्ड फँटसी’चा पहिला अंक मे-जून १९५०चा, आणि त्यावर क्रमांक आहे १३. त्याआधीचा अंक १२ ‘अ मून, अ गर्ल... रोमान्स’ या प्रेमकथांच्या मालिकेचा. प्रेमकथांची विज्ञानकथा झाली, परवाना तोच राहिला. अंक १७ निघाल्यावर टपालखात्यानं हरकत घेतली. नव्या नावाचे अंक नव्यानं मोजावे लागले आणि पुढच्या अंकावर, मार्च-एप्रिल १९५१ला, क्रमांक पडला ६. तिथून मालिका पुढे चालली, म्हणजे १९५२-५३मध्ये क्रमांक १३ ते १७ पुन्हा आले. ‘विअर्ड फँटसी अंक १३’ एवढंच लिहिलं तर तो मे-जून १९५०चा की मे-जून १९५२चा, हे कुणालाच कळणार नाही.

तपासणी: कार्डावर क्रमांकाच्या दोन्ही बाजू लिहा: आधीचा अंक कोणत्या नावाचा, पुढचा कोणत्या. दोन्ही रकाने भरता आले तरच पुढे जा.

आपल्याकडच्यांसाठी एक वेगळी सूचना. घरातल्या माळ्यावर मिळालेला इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ हा अमेरिकन कॉमिक बुकचा पुरावा नव्हे. ली फॉक यांचा वेताळ १९३६पासून वृत्तपत्रांत रोजच्या पट्टीतून यायचा. इंद्रजालनं १९६४पासून त्या पट्ट्या कापून, जुळवून पानात बसवल्या आणि नावंही बदलली. वेताळाच्या देशाचं ‘डेंकाली’ झालं ते इथेच. मराठी इंद्रजालचा अभ्यास जरूर करा, तो फार मोलाचा आहे. पण त्याच्या पानरचनेचं श्रेय अमेरिकन चित्रकाराला देऊ नका.

## टप्पा ४: तारखा दोन असतात, दोन्ही लिहा

मुखपृष्ठावरचा महिना वाचकासाठी नसायचा, स्टॉलवाल्यासाठी असायचा. तोवर अंक मांडून ठेवायचा आणि मग उरलेल्या प्रती परत पाठवायच्या. त्यामुळे अंक त्या महिन्याच्या दोन-तीन महिने आधीच विक्रीला येई. ‘ॲक्शन कॉमिक्स’ अंक १वर जून १९३८ आहे, पण तो १८ एप्रिलला विक्रीला आला. ‘फँटॅस्टिक फोर’ अंक १वर नोव्हेंबर १९६१ आहे, प्रत्यक्षात तो ८ ऑगस्टचा.

या फरकानं अर्थ कसा पालटतो बघा. ‘फँटॅस्टिक फोर’च्या त्या अंकात कम्युनिस्टांच्या आधी अंतराळात पोचायची घाई आहे. नोव्हेंबर धरून कुणी त्याचा संबंध बर्लिनच्या भिंतीशी जोडला तर तो साफ चुकतो, कारण भिंत १३ ऑगस्टला उभी राहू लागली. तोवर अंक स्टॉलवर आलेला होता. गागारिन एप्रिलमध्ये अंतराळात गेला होता, तो धागा मात्र तपासण्यासारखा आहे.

मी स्वतः इथे चुकलो आहे. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’ अंक १च्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा मारतो. अंकावर मार्च १९४१ आहे. मी तो महिना धरून लिहिलं आणि त्या आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या घडामोडींशी त्याची सांगड घातली. अंक विक्रीला आला होता २० डिसेंबर १९४०ला, आणि जो सायमन व जॅक कर्बी यांनी तो त्याच्याही आधी रचला होता. ज्या घटनांना मी कारण म्हटलं, त्या अंक छापून झाल्यावरच्या होत्या. एका वाचकानं पत्र पाठवून दाखवून दिलं, आणि परिच्छेद काढावा लागला. पर्ल हार्बर ७ डिसेंबर १९४१चं. म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या जवळपास वर्षभर आधी दोन ज्यू तरुणांनी हे चित्र बाजारात आणलं. खरी तारीख कळल्यावर त्या ठोशाचं वजन कितीतरी वाढतं.

विक्रीची तारीख शोधण्याचा क्रम असा ठेवा:

१. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची जुनी नोंदसूची. तिच्यात प्रकाशकानं कळवलेली प्रकाशनाची तारीख असते. तिचे खंड स्कॅन करून आंतरजालावर ठेवलेले आहेत.

२. त्याच प्रकाशकाच्या त्याच महिन्यातल्या इतर अंकांत छापलेल्या जाहिराती. ‘अमुक तारखेपासून विक्रीला’ असं त्यांत असतं.

३. प्रतीवर स्टॉलवाल्यानं पेन्सिलनं लिहिलेली किंवा शिक्क्यानं उठवलेली आवक-तारीख. ही त्या एका प्रतीची, त्या एका गावाची तारीख असते.

इशारा: ही तारीख कळली तरी ती निर्मितीची तारीख नव्हे. लेखन, पेन्सिल (कच्चं चित्र), शाई (त्यावरच्या पक्क्या रेषा), अक्षरं, रंग, प्लेट, छपाई, वितरण यांत आणखी काही महिने जात. एखादी बातमी आणि कथा यांचा संबंध जोडण्याआधी एवढा वेळ मागे जा.

मुखपृष्ठावर महिनाच नसेल तर किमतीवरून दशक कळतं. साध्या अंकाची किंमत १९६१च्या अखेरपर्यंत दहा सेंट होती, मग बारा झाली आणि १९६९मध्ये पंधरा. पेन्समध्ये किंमत छापलेली प्रत ब्रिटनसाठीची असते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात अशी प्रत मिळाली तर ‘ब्रिटिश कॉमिक’ अशी नोंद करू नका. मार्व्हलचे असे अंक अमेरिकेतच, त्याच छपाईत निघत.

## टप्पा ५: श्रेय, नावापुढे पुरावा लिहून

जुन्या अंकांत बऱ्याचदा नावंच नसतात, आणि असतात ती पुरी नसतात. डिस्नेच्या बदकांच्या अंकांवर वॉल्ट डिस्ने यांची सही असे. अंकल स्क्रूज जन्माला घालणारे कार्ल बार्क्स वाचकांना नावानं ठाऊक नव्हते. हा ‘चांगला चित्रकार’ कोण, हे चाहत्यांनी १९६०च्या सुमारास स्वतः शोधून काढलं. बॅटमॅनवर दशकानुदशकं बॉब केन हे एकच नाव होतं. १९५३ ते १९६७ त्यांच्या नावावरची कितीतरी पानं शेल्डन मोल्डॉफ काढत होते. पहिल्या कथेपासून लिहिणाऱ्या बिल फिंगर यांचं नाव निर्माता म्हणून २०१५पासून अधिकृतपणे येऊ लागलं. हे वाचताना कुणालाही वाईट वाटेल. म्हणूनच कार्डावर घाईनं एक नाव टाकून मोकळं होऊ नका.

कामं वेगळी करा: कथा, संवाद, पेन्सिल, शाई, अक्षरं, रंग, संपादन. प्रत्येकापुढे नाव आणि त्या नावाचा आधार. आधार चार प्रकारचे: अंकातच छापलेलं श्रेय, पानावरची सही, कागदपत्र, म्हणजे मानधनाच्या नोंदी, पत्रं, मुलाखती, आणि शैलीवरून जाणकारांनी बांधलेला अंदाज. ‘फँटॅस्टिक फोर’ अंक १च्या पहिल्या पानावर स्टॅन ली आणि जे. कर्बी अशा सह्या आहेत. शाई कुणाची ते कुठेच नाही. जाणकार शैलीवरून जॉर्ज क्लाइन यांचं नाव घेतात. कार्डावर ते ‘क्लाइन (शैलीवरून)’ असंच जायला हवं. ग्रँड कॉमिक्स डेटाबेसमध्ये खात्री नसलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह असतं. उतरवून घेताना लोक ते गाळतात आणि अंदाजाची वस्तुस्थिती होऊन बसते.

इशारा: १९६०च्या दशकातल्या मार्व्हलमध्ये ‘लेखक: स्टॅन ली’ याचा अर्थ आजच्यासारखा घेऊ नका. तिथे आधी थोडक्यात कथाकल्पना ठरे, मग चित्रकार पानं रचून प्रसंग उभे करी आणि त्यानंतर संवाद लिहिले जात. प्रसंगांचा क्रम, पानाची लय, कित्येकदा पात्रंसुद्धा चित्रकाराची. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये स्टीव्ह डिटको यांना कथानकाचं श्रेय छापून मिळू लागलं ते १९६५मध्ये, अंक २५पासून.

## टप्पा ६: अंक पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचा

स्कॅन घेताना मुखपृष्ठ ते मलपृष्ठ सगळं आहे ना, ते आधी पाहा. अनेक डिजिटल आवृत्त्यांत फक्त कथेची पानं असतात.

दोन पानांची अक्षरकथा ओलांडू नका. टपालसवलत मिळायला अंकात थोडा नुसता मजकूर लागायचा, म्हणून ती असे. मुलं ती वाचत नसतीलही, पण स्टॅन ली यांचं छापून आलेलं पहिलं लेखन अशाच मजकुरात आहे, ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’ अंक ३ (मे १९४१) मध्ये. कॅप्टन अमेरिका ढाल फेकून मारतो, तेही पहिल्यांदा तिथेच. फक्त चित्रकथा चाळणाऱ्याला हे दोन्ही सापडणार नाही.

वाचकांची पत्रं आणि जाहिराती यांची स्वतंत्र यादी करा. खपाचा आकडा हवा असेल तर वर्षातून एकदा छापलं जाणारं मालकीपत्रक शोधा. १९६०पासून त्यात खप दिसतो. त्यात दोन रकाने असतात, वर्षभराची सरासरी आणि नुकत्याच निघालेल्या एका अंकाचा आकडा. सरासरी घ्या. आणि छापलेल्या प्रती व विकलेल्या प्रती यांत गल्लत करू नका. न खपलेल्या प्रती परत येत, त्यामुळे या दोन आकड्यांत मोठा फरक असतो.

## टप्पा ७: ऐकीव गोष्टी गाळा

कॉमिक्स कोड, म्हणजे अंकात काय छापायचं नाही याची नियमावली, तिच्याबद्दलच्या तीन चुका मला सतत दिसतात. पहिली, तो सरकारी कायदा होता. नव्हता. सिनेटच्या उपसमितीनं एप्रिल आणि जून १९५४मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या, पण कोड केला प्रकाशकांच्याच संघटनेनं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. जबरदस्ती वितरकांकडून होती: मुखपृष्ठावर कोडच्या मंजुरीचा शिक्का नसलेला अंक ते उचलत नसत. दुसरी, शिक्का नसलेला अंक म्हणजे बंडखोर. डेल कंपनी कोडमध्ये कधीच सामील झाली नाही, आणि तिचे अंक मिकी आणि डोनाल्डचे होते. तिसरी, १९५५चा प्रत्येक अंक कोडनंतरचा. टप्पा ४ आठवा: जानेवारी १९५५चा अंक १९५४च्या मध्याला तयार होत होता.

कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं मांडणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांच्या १९५४च्या पुस्तकातली मुलांची उदाहरणं आजही जशीच्या तशी उचलली जातात. कॅरल टिली यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली वर्थम यांची कागदपत्रं पाहून २०१२मध्ये दाखवून दिलं की मुलांच्या जबान्या जागोजागी बदललेल्या, एकत्र केलेल्या आणि निवडून कापलेल्या आहेत. वर्थम यांचं मत काय होतं हे सांगायला ते पुस्तक वापरा, मुलं खरोखर काय म्हणाली हे सांगायला नको.

## टप्पा ८: नोंद लिहा

आता ‘विअर्ड फँटसी’चं कार्ड पुरं करू. कथा ‘जजमेंट डे’. पृथ्वीवरून आलेला निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर नारिंगी आणि निळ्यांमधला भेदभाव पाहतो, त्यांना नापास करतो, आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढल्यावर कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. कार्ड असं होईल:

कथा: ‘जजमेंट डे’. लेखन: अल फेल्डस्टीन. चित्र: जो ऑर्लँडो. रंग: श्रेय छापलेलं नाही, ई.सी.चे बहुतेक रंग मरी सेव्हरिन करत, म्हणून ‘सेव्हरिन?’. मालिका: ‘विअर्ड फँटसी’, अंक १८, मार्च-एप्रिल १९५३ (१९५१ला नव्यानं लागलेली क्रमांकमाला). पुनर्मुद्रण: ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’, अंक ३३, जानेवारी-फेब्रुवारी १९५६. पाहिलेली प्रत: इथे स्कॅन, संग्रह की मूळ ते, आणि संग्रह असेल तर त्याचं वर्ष.

पुनर्मुद्रणाची ओळ अनावश्यक वाटेल, पण या कथेचा जीव तिथेच आहे. १९५३मध्ये कोड नव्हता, कथा बिनबोभाट छापली गेली. १९५५च्या अखेरीस कोडनं अंक ३३मधली एक कथा नाकारली, म्हणून गेन्स यांनी तिच्या जागी ही जुनी कथा घातली. तेव्हा कोडचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी नायकाच्या कातडीच्या रंगावरच हरकत घेतली. गेन्स अडून बसले, आणि कथा जशी होती तशी छापली. ई.सी.चं ते शेवटचं कॉमिक बुक ठरलं. ‘कोडच्या विरोधात लिहिलेली कथा’ असं तिचं वर्णन मी कितीदा तरी वाचलं आहे. लिहिली गेली तेव्हा कोड जन्मालाही आला नव्हता. लिहिण्याचं वर्ष एक, भांडणाचं वर्ष दुसरं, आणि दोन्ही वेगवेगळ्या अंकांत. जाता जाता: ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’ अंक १ शोधू नका, ती मालिका अंक ३०पासूनच सुरू होते.

चौकटीचा दाखला देताना पानाचा क्रमांक कथेतला की अंकातला ते एकदाच सुरुवातीला ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. मी कथेतलं पान आणि त्यातली चौकट असं लिहितो: ४.२ म्हणजे कथेचं चौथं पान, दुसरी चौकट. चौकटी वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजा. पूर्ण पानभर एकच चित्र असेल तर ती चौकट १.

शेवटची तपासणी: कार्ड या विषयाची अजिबात माहिती नसलेल्या कुणाच्या तरी हाती द्या, सोबत डेटाबेस उघडून द्या, आणि तुम्ही सांगितलेली चौकट शोधायला सांगा. अंक सापडला नाही तर टप्पा ३ पुन्हा करा. अंक सापडून चौकट वेगळी निघाली तर टप्पा १. तुम्ही दोघं बहुधा वेगवेगळ्या आवृत्त्या पाहत आहात.